मिठाच्या गावाहून

फिजोआ पडायला लागले की वेलिंग्टनच्या माणसांना दानशूरपणाचा झटका येतो. एरवी कुंपणापलीकडून हात हलवून भागवणारे शेजारी पिशव्या भरभरून दाराशी आणून ठेवतात. ऑफिसच्या किचनमध्ये टोपली, लायब्ररीच्या काउंटरवर टोपली, जॉन्सनव्हिल स्टेशनच्या बाकावरही 'फुकट, घेऊन जा' लिहिलेला खोका. झाड असणाऱ्यांना ती फळं संपवता येत नाहीत आणि नसणाऱ्यांनाही थोड्याच दिवसांत ती नकोशी होतात. बाहेरून हिरवं, आतून मऊसर, पेरूचा परदेशी गेलेला चुलतभाऊ वाटावा असं हे फळ. काल आमच्याही दाराशी पिशवी आली. मी एक फिजोआ कापला, वर मीठ आणि लाल तिखट भुरभुरलं, फोड तोंडात टाकली आणि बाबा आमच्याकडे होते तो अख्खा ऋतू आठवला.

इथे पानगळ मार्च-एप्रिलात येते. आपल्याकडे चैत्रपालवी फुटते तेव्हा आमच्या अंगणातलं मेपल लाल होऊन गळायला लागतं. बाबांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा म्हणाले होते, "या लोकांनी पंचांग उलटं धरलंय." पाडव्याला गुढी उभारली तर वाऱ्याने तिचं वस्त्र शेजारच्यांच्या झुडपांच्या कुंपणावर जाऊन पडलं. शेजारीण ते घडी करून, इस्त्री करून परत घेऊन आली. बाबांना या गोष्टीचं इतकं कौतुक वाटलं की पुण्यातल्या प्रत्येक मित्राला त्यांनी ती फोन करून सांगितली.

त्या वेळी ते तसे ठणठणीत होते. आई गेल्यावर सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे, स्वतःचा कुकर स्वतः लावायचे, आणि वर्षाआड उन्हाळा टाळायला आमच्याकडे यायचे. भूवैज्ञानिक म्हणून सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, त्यामुळे आमच्या घरामागच्या टेकडीवर ते रोज जात आणि खिशातून दगड घेऊन येत. माझी मुलगी इरा ते दगड खिडकीत मांडून ठेवी. ती मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्रजीत देते, आणि बाबा तिच्याशी मराठीतच बोलतात. दोघांचं उत्तम चालतं.

बाबांच्या स्वभावात 'मधलं' असं काही नाही. चालणं बरं म्हटलं की पर्वती दोनदा. चहा कमी करा म्हटलं की चहाच बंद. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी एक गोळी दिली आणि सांगितलं, मीठ जरा बेताने घ्या. 'बेताने' हा शब्द बाबांच्या प्रकृतीला मानवत नाही. त्या वर्षी न्यूझीलंडला आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मी मीठ सोडलंय."

"सोडलंय म्हणजे?"

"म्हणजे सोडलंय. अळणी. शरीराला भाज्यांमधून मिळतं तेवढं पुरे."

आमच्या घरी पान वाढायचं म्हणजे आधी मीठ. वर मधोमध चिमूटभर, शेजारी लिंबाची फोड, मग डावी बाजू, मग उजवी. मी इथे कितीही घाईत असले आणि ताट म्हणजे साधी डिनर प्लेट असली तरी माझा हात आधी मिठाकडेच जातो. बाबांच्या पानात मीठ वाढायला गेले की ते त्या जागेवर तळहात ठेवत. त्यांच्यासाठी वरण वेगळं, भाजी वेगळी. माझा नवरा मंदार लोणच्याची बरणी टेबलाखाली धरून खायला लागला. फिजोआसुद्धा बाबा नुसते खात. पेरूच्या जातीचं फळ तिखट-मिठाशिवाय खाणारा माणूस आमच्या घराण्यात तोवर जन्माला आला नव्हता. "आजोबा, दॅट्स हीप्स बोअरिंग," इरा म्हणायची, आणि बाबा व्रतस्थ चेहऱ्याने पुढची फोड उचलायचे.

त्यात भर पाण्याची. कुणीतरी त्यांना फोनवर पाठवलं होतं की भरपूर पाणी प्यायलं की शरीर धुऊन निघतं. झालं. एक मोठी बाटली कायम त्यांच्या काखोटीला. मी त्यांना चिडवायची, "बाबा, आता तुम्हाला पिळून वाळत घालायचं तेवढं राहिलंय." त्यांच्या निग्रहाचा आम्हाला अभिमानही वाटे. आई असती तर तिने न बोलता वरणात चिमूटभर मीठ टाकलं असतं आणि यांना कळलंही नसतं.

मग बाबा हळूहळू मंद व्हायला लागले. झालं कधी सुरू ते सांगता येत नाही. आधी ते टेकडीवर जायचे थांबले. मग शब्दकोडं अर्धंच राहायला लागलं, मग पेनचं टोपणही न काढता पेपर मांडीवर पडून राहायला लागला. दुपारी बूट घालून झोपत. एकदा त्यांनी विजेची किटली सरळ शेगडीवर ठेवून खाली जाळ लावला. प्लास्टिक जळल्याचा वास घरभर झाला, आणि बाबा शेजारी उभे राहून त्या धुराकडे शांतपणे बघत होते. कोपऱ्यावरच्या डेअरीचे, म्हणजे इथल्या किराणा दुकानाचे, मालक, नवसारीकडचे भाई, त्यांचा एकदा ऑफिसात फोन आला, "बेन, पप्पा इथे बसलेत. घर कुठल्या बाजूला ते विसरले म्हणतात." घर डेअरीतून दिसतं.

"आई, आजोबा मला मिनू म्हणाले. लाइक, ट्वाइस," इराने मला सांगितलं. मिनू मी.

दादा बंगळूरला असतो. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वय झालं, मिने. आज ना उद्या हे होणारच होतं. आता त्यांना पुण्यात एकटं ठेवता येणार नाही. फ्लॅटचं काय करायचं ते बघू. तुझ्याकडे कायमचे राहू शकतील का ते विचारून ठेव." तो चुकीचं काही बोलत नव्हता. पण बाबांचं मे महिन्याचं परतीचं तिकीट त्यांच्या पाकिटात होतं, आणि ते अधूनमधून काढून बघायचे. त्यांना एवढंच हवं होतं, स्वतःच्या घरी परत जायचं आणि स्वतःचा कुकर स्वतः लावायचा. ते आता होणार की नाही, हे माझ्या हातात येऊन पडलं होतं. मला फार भीती वाटत होती. बाबा समोर बसलेले असतानाच ते थोडे थोडे निघून चालले आहेत, असं वाटायचं.

बाबांच्या तरुणपणी एक मिठाचं गाव होतं. हिमाचलात, मंडीच्या वरच्या अंगाला. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सैंधवाची खाण, आणि नोकरीच्या सुरुवातीला बाबा तिथे एक हिवाळा राहिले होते. आम्ही त्या गावाच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो. तिथलं मीठ पांढरं नसतं. काळपट, जांभळट, मध्येच विटकरी. "मीठ पांढरं असतं असं समुद्राकाठच्या लोकांना वाटतं," बाबा म्हणायचे. आत बोगद्यात कंदील घेऊन जायचं, भिंतीला हात लावला की हात ओला. घरांना दगडी पाट्यांची छपरं, आणि हिवाळ्यात गद्दी मेंढपाळ वरून उतरले की त्यांच्या मेंढ्या सरळ खाणीबाहेरच्या ढिगाऱ्याला जाऊन चाटायला लागायच्या. कोणी शिकवायला लागायचं नाही. "आमच्या धंद्यातसुद्धा जीभ हेच पहिलं उपकरण," असं म्हणून बाबा जीभ बाहेर काढून दाखवायचे आणि आई म्हणायची, "पुरे."

दर वर्षी मे महिन्यात मिठाच्या गावाला जायचं ठरायचं आणि दर वर्षी आम्ही कोकणात जायचो. कोकणात आजोळ होतं, आंबे होते, आणि रिझर्व्हेशन मिळायचं. पुढे आई आजारी पडली. ते गाव बाबांनी आम्हाला कधीच दाखवलं नाही.

म्हणून एप्रिलच्या शाळेच्या सुट्टीत मी सेंट्रल ओटागोचा बेत केला. तिथे डोंगरात सोन्याच्या खाणींची जुनी गावं आहेत, माणसं निघून गेलेली, दगडी घरं उरलेली. दुधाची तहान ताकावर, तशी मिठाची सोन्यावर भागवू, असं मी मंदारला म्हटलं. खरं कारण मी त्याला सांगितलं नाही, पण ते त्याला माहीत होतं. बाबांना कळतंय तोवर त्यांना एखादा डोंगर दाखवायचा होता.

डनीडिनपासून गाडीने आत निघालो तसा पाऊस मागे राहिला. सेंट्रल ओटागो कोरडं आहे. पिवळे धमक पॉप्लर ओळीने उभे, नदीकाठी विलो, सकाळी गवतावर दव गोठलेलं आणि दहा वाजेपर्यंत असं लख्ख ऊन की जाकीट काढावं लागे. रस्त्यावर कुणाच्या तरी फाटकाशी अक्रोडाच्या पिशव्या आणि पैसे टाकायला डबा. मोठमोठे खडक टेकड्यांवर असे उभे की बाबांनी गाडी दहादा थांबवायला लावायला हवी होती. त्यांनी एकदाही थांबवली नाही. ते बाटलीतून पाणी पीत होते आणि पुढच्या सीटची पाठ बघत होते.

त्या टेकड्यांवर रानटी थाइम पसरलेली असते. खाणवाल्यांनी कधीकाळी आणली, ती माणसं गेली आणि झुडपं राहिली. पायाखाली आली की वास थेट ओव्याचा. मी मूठभर चुरून बाबांच्या नाकाखाली धरली. "बाबा, ओळखा काय!"

त्यांनी वास घेतला. "हो का," म्हणाले.

ओव्याचा वास ओळखू न येणारे बाबा मला माहीत नव्हते. मी तोंड फिरवून डोळे पुसले आणि इराला म्हटलं, वाऱ्याने पाणी आलं.

गाव म्हणजे एक रस्ता. दोन्ही बाजूंना पापुद्र्या-पापुद्र्याच्या दगडाची बुटकी घरं, कुठे छप्पर आहे, कुठे फक्त धुराडं उभं. जुन्या शाळेत म्युझियम. ते सांभाळणारी बेव्ह नावाची बाई, पांढरे केस, जाडजूड जर्सी आणि त्या थंडीत पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. तिने "किआ ओरा" म्हणून आमचं स्वागत केलं आणि आम्हाला दगड कुटायचं यंत्र दाखवायला वर घेऊन निघाली. पायवाट चढताना बाबांची चाल बदलली. आठवडेच्या आठवडे पाय ओढत चालणारा माणूस एकदम भरभर निघाला. मला वाटलं, डोंगराची जादू! मी मंदारकडे बघून हसलेसुद्धा.

वर खाणीचं तोंड होतं, लोखंडी जाळी लावून बंद केलेलं. आतून गार हवा येत होती. बाबा जाळीपाशी उभे राहिले, मागे वळले आणि बेव्हला खणखणीत हिंदीत म्हणाले, "चौकीदार को बुलाइए. लालटेन चाहिए."

"सॉरी, लव्ह?" बेव्ह म्हणाली.

बाबा वैतागले. त्यांनी भिंतीला हात लावला, हात कोरडा. मग वाकले आणि दगड चाटला. एकदा, मग शेजारी, मग आणखी खाली. इरा माझ्या हाताला घट्ट धरून उभी होती. "खारट नाही," बाबा मराठीत म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. "वरचा थर पावसाने धुऊन गेलाय. आत गेल्याशिवाय मिळणार नाही. मेंढ्या येतील आता. त्यांना काय सांगायचं?"

मंदारने त्यांना धरून खालच्या बाकावर बसवलं आणि गाडी आणायला पळाला. बेव्हने विचारलं नाही काय झालं. तिने आपली जर्सी काढून बाबांच्या खांद्यावर घातली आणि सर्वांत जवळचं हॉस्पिटल कुठे ते मंदारला सांगायला त्याच्या मागे गेली. इराने पाठीवरच्या पिशवीतून चिप्सचं पाकीट काढून आजोबांपुढे धरलं, घाबरली की ती सगळ्यांना खायला देते. बाबांनी ते पाकीट तिच्या हातातून घेतलं आणि अधाशासारखे खात सुटले. शेवटी बोटं चाटली, पाकीट फाडून आतला मिठाचा चुरा चाटला.

मी शेजारी बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, सभ्यपणे जरा सरकून जागा दिली.

"तुम्ही इथल्याच का?" त्यांनी विचारलं. "मराठी छान बोलता."

मी म्हटलं, "हो."

"माझी मुलगी न्यूझीलंडला असते. हुशार आहे. घर छान ठेवलंय. पण काळजी फार करते." ते पायवाटेकडे बघत बोलत होते. "मला आताशा आठवत नाही. पहिल्यांदा शब्द जायला लागले. आता रस्ते जातात. मी तिला कळू दिलेलं नाही. तिकिटाची तारीख मी रोज बघून ठेवतो, तेवढी विसरायला नको. तिला कळलं तर ती मला घरी जाऊ देणार नाही. तुम्ही तिला सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

त्यांनी मान डोलावली. 'बाबा' म्हटलेलं त्यांना खटकलं नाही. डोंगरात कुणीही वडीलधाऱ्या माणसाला बाबा म्हणतं.

हॉस्पिटल छोटं होतं, शेजारच्या गावातलं, खिडकीबाहेर मेंढ्या चरत होत्या. मी तिथल्या तरुण डॉक्टरणीपुढे सगळं ओतलं. किटली, डेअरी, इराला मिनू म्हणणं, चौकीदार. मी आधीच ठरवून आले होते की हिला काय सांगायचंय ते मला माहीत आहे. हिने फक्त त्या आजाराचं नाव घेऊ नये, निदान इरासमोर. तिने मान हलवत ऐकून घेतलं आणि मग विचारलं की गोळ्या कोणत्या चालू आहेत आणि खातात-पितात काय. मी गोळीचं नाव सांगितलं. मग अळणी व्रत आणि पाण्याची बाटली सांगितली, आणि सांगताना त्यातही माझा जरा अभिमानाचा सूर लागला असावा. ती लिहिता लिहिता थांबली.

"नो सॉल्ट? ॲट ऑल?"

"ॲट ऑल."

"राइट," ती म्हणाली आणि रक्त घेऊन गेली.

परत आली तेव्हा चालण्याचा वेग वेगळा होता. तिने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली की बाबांच्या रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय. ती गोळी लघवीतून मीठ बाहेर काढते, वरून मीठ येत नव्हतं आणि उरलेलं पाण्याने पातळ झालं. माणूस त्याने असाच भ्रमिष्ट होतो. वेळेत आणलंत हे बरं झालं.

"म्हणजे... हे मिठामुळे? नुसतं मीठ?"

"इट्स नॉट नुसतं," असं तिला म्हणायचं असावं, कारण ती म्हणाली की हे गंभीरच आहे, हळूहळू भरून काढावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होते. पूर्ण बरे होतील की नाही ते बाबा भानावर आल्यावरच कळेल. "बट सॉल्ट," ती म्हणाली, "सॉल्ट वी कॅन फिक्स."

मी त्या कॉरिडॉरमध्ये मोठमोठ्याने हसायला लागले. मंदारला वाटलं, आता हीसुद्धा. मला थांबताच येईना. वास्तविक अजून काहीच झालं नव्हतं, बाबा आत कुणाला तरी हिंदीत मेंढ्या हाकायला सांगत होते. पण ज्याला माझ्या मनात नाव होतं आणि उपाय नव्हता त्याच्या जागी एकदम स्वयंपाकघरातला डबा आला. मी आयुष्यभर ज्या डब्यात न बघता हात घालते तो डबा. मी दादाला फोन लावला, "दादा, मीठ! अरे, मीठ कमी पडलं!" तो मीटिंगमध्ये होता. तो म्हणाला, "मग दुकानातून आण ना," आणि मग त्याला कळलं, आणि बंगळूरच्या त्या मीटिंगमध्ये तो बहुधा रडला.

पुढचे काही दिवस आम्ही गावातल्या मोटेलमध्ये राहिलो. गोळी बंद, पाणी मोजकं, नळीतून थेंब थेंब खारं पाणी. बाबा एकदम परत आले नाहीत. आधी हिंदी गेली. मग चौकीदार गेला. मग एका सकाळी मी खोलीत गेले तर ते उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होते.

"मिने," ते म्हणाले, "ते खडक शिस्ट आहेत. आणि या लोकांनी दिलेली लापशी अत्यंत भिकार आहे. मी इथे का आहे?"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. त्यांना हा प्रकार अजिबात आवडला नाही. "अगं, काय हे, नर्स बघत्येय," म्हणाले. मी सांगितलं, तुमच्या अंगातलं मीठ संपलं होतं. त्यांनी ते शास्त्रीय बाजूने समजून घेतलं, दोन प्रश्न विचारले.

"म्हणजे अतिरेक झाला."

"झाला."

"डॉक्टर 'बेताने' म्हणाले होते," बाबांनी कबूल केलं. बाबांनी काही कबूल करणं ही आमच्या घरातली तशी दुर्मीळ घटना. थोड्या वेळाने, खिडकीकडे बघतच त्यांनी विचारलं, "मी काही बोललो का? तिकडे?"

"हिंदीत कंदील मागितलात. दगड चाटलात."

"आणि?"

"आणि काही नाही," मी म्हटलं. बाकावरच्या बाईने शब्द दिला होता, तो मी मोडणार नव्हते. बाबांच्या मुलीला त्या गोष्टी अजून कळलेल्या नाहीत.

परतायच्या आधी आम्ही पुन्हा त्या गावात गेलो, बेव्हची जर्सी द्यायला. ऊन होतं, पॉप्लरची पानं रस्त्यावर पसरलेली. बाबा काठी टेकत, पण डोळे उघडे ठेवून चालत होते. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी वाकून झुडपाची काडी तोडली, चुरली, आणि ओरडलेच, "अरे, हा तर ओवा!" मी म्हटलं, हो का? यंत्राची मोजमापं त्यांनी बेव्हकडून काढून घेतली आणि मग तिला हिमालयातल्या खाणीची गोष्ट सांगायला बसले, त्यांच्या खास सरकारी इंग्रजीत. ती मनापासून ऐकत होती. "तुमच्या लोकांनी सोनं खणलं," शेवटी बाबा तिला म्हणाले, "आमचं काम साधं. पण मॅडम, तुमचं आमटीत घालता येत नाही." बेव्हला आमटी म्हणजे काय ते इराने समजावलं. त्या दुपारी मला असं वाटलं की लहानपणापासून ठरलेली ती मे महिन्याची सहल अखेर झाली. आई तेवढी नव्हती.

सुटका झाल्यावर माणूस लगेच मोठा होतो, देवाचे आभार मानतो, शहाणा होतो वगैरे म्हणतात. माझं तसं झालं नाही. मी घरी आल्यावर बाबांवर पहारा ठेवायला लागले. ते किटलीला हात लावायचे आणि मी दारात. एखादा शब्द अडला की मी लगेच तो पुरवायची. भीती गेली तरी तिची सवय जात नाही. दादा म्हणत होता, आता बरे झालेत तरी ठेवूनच घे, कशाला धोका. मलाही तेच सोयीचं होतं. ठेवून घेतलं असतं तर मला निवांत झोप लागली असती, आणि तेच माझ्या लक्षात आलं. झोप माझी आणि घर त्यांचं. मी दादाला सांगितलं, ते तिकिटाप्रमाणे जातील. पुण्याच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलले, गोळी बदलून झाली होती. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली. मे महिन्यात बाबा गेले, आणि पोचल्या दिवशीच संध्याकाळी त्यांनी कुकरचा फोटो पाठवला.

तेव्हापासून ते पुण्यातच आहेत. आता मीठ बेताने खातात, आणि बेताने म्हणजे किती यावर त्यांनी मित्रांना एक व्याख्यानही दिलंय. त्यांचं वय झालंय हे दादाचं म्हणणं तेव्हाही खरं होतं, आता अधिक खरं आहे. ती सुटका कायमची नव्हती. पण मिळालेले दिवस खरे आहेत, आणि त्यातला एकेक दिवस मी चवीने खाते.

काल फिजोआ खाताखाताच मी त्यांना फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "अगं, एक गंमत सांगायची राहिली. परवा बागेत तो भेटला, आपल्या खालच्या मजल्यावर राहायचा बघ, बायको गाणं शिकवायची, तो... काय त्याचं नाव..."

मला नाव माहीत होतं. जिभेच्या टोकावर होतं. मी हातातली फोड खाली ठेवली आणि काही बोलले नाही.

"राहू दे," बाबा शांतपणे म्हणाले. "आठवेल. ठेव तू."

मी फोन ठेवला. भांडी घासली. इराचे टॉग्ज वाळत घातले, तिला उद्या पोहायला जायचंय. मंदार काहीतरी विचारत होता, मी हं हं म्हणत होते. ओला टॉवेल हातात असतानाच ओट्यावरचा फोन वाजला. बाबांचा मेसेज. एकच ओळ.

"पेंडसे. आणि तुला माहीत होतं, सांगितलं नाहीस, त्याबद्दल आभार."

हुश्श, मी म्हटलं, इतक्या मोठ्याने की आतल्या खोलीतून इराने विचारलं, "व्हॉट?"